हालचालीतून भावना सांगणं: बारा मिनिटांच्या एकल समकालीन नृत्याची बांधणी (मुंबई)

तिर्यक | सोमवार, रात्री १०:१२

समकालीन नृत्यात स्वतःच्या रचना करू लागलेल्या तरुण मुलामुलींना उपयोगी पडेल अशी चर्चा व्हावी म्हणून हा धागा. हवेत बोलण्यापेक्षा एक रचना समोर ठेवते, तिच्यावरच बोलूया.

विषय: बीडीडी चाळीतली खोली सोडून जाणारी बाई. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या या चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची, पुनर्विकासात मिळणारं घर ५०० चौरस फुटांचं. म्हणजे बाईचं भलंच होतंय आणि तरी काहीतरी तुटतंय. ही दुहेरी गोष्ट अंगातून यायला हवी. नर्तिका एकटी, शब्द नाहीत, जागा लहान ब्लॅक बॉक्स (काळ्या भिंतींचं साधं नाट्यगृह), प्रेक्षक दीडशे-दोनशे.

अशा रचनांत हमखास होतं ते असं: दुःख आलं की हात सावकाश वर जातात, मान मागे पडते, चेहरा आक्रसतो. विरह असो, पूर असो, आजारपण असो, हेच तीन प्रकार सगळीकडे चालतात. मग यात ही खोली कुठे राहिली? हालचाल कुठून काढायची, ती वाढवायची कशी, आणि जमीन, प्रकाश, आवाज यांचं काय करायचं, यावर जाणकारांनी लिहावं.

धरणी | सोमवार, रात्री ११:०५

दुःखापासून सुरुवात केली की अंग नेहमीच्या साठ्यातलंच काहीतरी काढून देतं. कामापासून सुरुवात कर. खोली रिकामी करताना माणूस हाताने काय काय करतो? गादीची वळकटी बांधणं, पाण्याचं पिंप कलतं करून तळाचं पाणी काढणं, भिंतीतला खिळा उपटणं, माळ्यावरून ट्रंक उतरवणं, कडी लावणं. एवढी पाच पुरेत. जास्त घेतलीस तर बारा मिनिटांत एकही मुरणार नाही.

प्रत्येक काम खऱ्या वस्तूने वीसेक वेळा करायचं आणि वहीत लिहायचं: भार कोणत्या पायावर आहे, श्वास कुठे अडकतो, पाठीचा कुठला भाग आधी हलतो, नजर हातातल्या वस्तूवर आहे की पुढच्या कामावर. मग वस्तू काढून घ्यायची. इथेच बहुतेकांचं बिनसतं. पिंप ओढताना तोल सावरायला कंबर मागे गेलेली असते आणि टाच जमिनीत रुतलेली असते. पिंप काढून घेतलं की कंबर सरळ होते आणि हात मात्र हवेत पिंपाचा गोल आकार दाखवत राहतात. तो मूकाभिनय झाला. याच्या बरोबर उलट करायचं. हात हवे तसे सोड, पण कंबरेचं मागे जाणं, टाचेवरचा भार आणि अडकलेला श्वास तसाच ठेव. पिंप दिसलं नाही तरी भार दिसतो.

खिळ्याकडे नीट बघ. पक्कडीने धरताना अंग आधी भिंतीकडे झुकतं. मग उलटी ओढ सुरू होते, खांदे कानाशी येतात, जबडा आवळतो, श्वास थांबतो. खिळा सुटला की शरीर एक-दीड पाऊल मागे फेकलं जातं आणि श्वास फस्सकन बाहेर येतो. मागे जाण्याचा तो अर्धा सेकंद करावा लागत नाही, आपोआप होतो. घट्ट धरलेलं सुटतं आणि धरणाऱ्याचाच तोल जातो. माझ्या मते या रचनेचं बीज हेच आहे. आता हीच क्रिया भिंत आणि पक्कड नसताना छातीच्या मधल्या हाडापासून कर. मग उजव्या गुडघ्यापासून, मग जमिनीवर आडवी पडून, मग चौपट सावकाश. मग उलट क्रमाने, म्हणजे आधी तोल जातो आणि शेवटी पकड येते. उलटा क्रम आधी खर्च करू नकोस, शेवटच्या दोन-तीन मिनिटांसाठी ठेव.

रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) यांची मांडणी इथे कामाला येते. वजन भारी की हलकं, काळ लांबवलेला की अचानक, दिशा नेमकी की भरकटती, या तीन जोड्यांतून आठ मूळ क्रिया होतात: ठोसा, दाब, पिळा, सपकारा, टिचकी, थोपटणं, सरकणं, तरंगणं. चौथा घटक ओघाचा, बांधलेला किंवा मोकळा. खिळा उपटणं म्हणजे भारी, नेमकं, लांबवलेलं, बांधलेलं आणि मग एका क्षणात मोकळं. पाचही कामांपुढे अशी नोंद कर. तीन कामं एकाच जातीची निघाली तर रचना मध्येच सपाट होणार हे तालमीआधीच कळतं. वळकटी बांधणं आणि पिंप कलतं करणं हे दोन्ही भारी आणि लांबवलेले आहेत. शेजारी ठेवू नकोस, मध्ये कडीची टिचकी येऊ दे.

दादरपूर्व | मंगळवार, सकाळी ८:२०

वाचनखूण साठवली. एक शंका: एवढं वस्तूपासून दूर नेल्यावर खिळा होता हे प्रेक्षकाला कळणार कसं?

धरणी | मंगळवार, सकाळी ९:०२

खिळा कळला नाही तरी चालतं, पण नातं कळलंच पाहिजे. त्यासाठी पहिल्या दोन-अडीच मिनिटांत मूळ क्रिया बरीचशी ओळखता येईल अशी एकदा दाखवायची. नंतर तीच क्रिया पुरेशा वेळा तशीच्या तशी यायला हवी, नाहीतर बदल झाला हे कुणाला उमगत नाही. तरुण रचनाकार स्वतःच कंटाळतात आणि दुसऱ्या फेरीतच बदलायला घेतात. प्रेक्षक मात्र ती आत्ता कुठे ओळखू लागलेला असतो. किमान तीनदा तशीच, चौथ्यांदा एकच गोष्ट वेगळी. वेग, पातळी, तोंडाची दिशा, आकार, शरीराचा भाग यांतलं एका वेळी एकच बदलायचं.

नूपुरा | मंगळवार, दुपारी १:४०

धरणी यांनी जे सांगितलं त्याला आपल्याकडे जुना आधार आहे. नृत्यातल्या अभिनयात गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतात आणि दर वेळी संचारी भाव, म्हणजे येऊन जाणारा भाव, वेगळा असतो. नाट्यशास्त्रात स्थायी, म्हणजे टिकून राहणारे भाव आठ आणि व्यभिचारी (म्हणजे संचारीच) तेहतीस. स्थायी शोक असला तरी वर चिंता, स्मृती, श्रम, अगदी हर्षसुद्धा येऊन जातो. तिर्यक म्हणतेय ती दुहेरी गोष्ट इथे बसते. नव्या घराचा हर्ष हा जुन्या खोलीच्या शोकावरून जाणारा संचारी आहे. तो आला की शोक संपत नाही.

बैठकीच्या लावणीचं उदाहरण घ्या. गायिका बसलेली, पाय बंद, आणि एका ओळीची अदा चार-सहा प्रकारे. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांची अदाकारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल की बसल्या जागी खांदा किती फिरला आणि नजर किती उशिरा उचलली यावरच अर्थ पालटतो. समकालीन रचनेत मुद्रा आणू नका, पण ही बांधणी जरूर घ्या.

आणि सात्त्विक भावांकडे दुर्लक्ष करू नका: स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणं), वेपथू, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (भान हरपणं). हे आठही शरीरात घडतात. त्यातला वेपथू, म्हणजे कंप, समकालीन रचनांत फार येतो आणि बहुधा खोटा येतो, कारण मनगटं हलवली जातात आणि मांड्या शांत असतात. खरा कंप हवा असेल तर अर्ध्या बैठकीत पाठ सरळ ठेवून थांबा. मिनिटभराच्या आसपास मांड्या स्वतःहून थरथरू लागतात. ती थरथर वरपर्यंत येऊ द्यायची, दाबायची नाही आणि वाढवायचीही नाही.

सांधेजोड | मंगळवार, दुपारी ३:१५

नूपुरा यांची युक्ती चालेल, पण क्रमाकडे लक्ष द्या. थकलेल्या मांडीवर लगेच उडी किंवा उभ्यातून पडणं नको. स्नायू दमले की गुडघा आत कोसळतो आणि मुरगळतो. कंपानंतर किमान अर्धा-एक मिनिट जमिनीवरचं किंवा चालण्याचं काम ठेवा.

शरीराच्या बाबतीत आणखी काही, कारण अशा रचनेत पडणं येणारच. पडताना तळहात टेकवून धक्का झेलणं ही सगळ्यात घातक सवय. मनगटातलं स्कॅफॉइड हाड त्यात मोडतं आणि ते पहिल्या एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर ‘मुरगळलंय’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टर सहसा मनगट बांधून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. ते ऐका, कारण त्या हाडाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि ते जुळायला अडून बसतं.

बाजूला पडण्याचा क्रम: पोटरीची बाहेरची बाजू, मांडीची बाजू, नितंब, बरगड्यांची बाजू आणि हात शेवटी, तोही जमिनीवर सरकत लांब जाणारा. गुडघ्याची वाटी आणि कंबरेचं टोकदार हाड यांच्यावर कधीच नाही. श्वास सोडत पडायचं, श्वास धरला की अंग ताठ होतं आणि आपटतं. आधी गुडघ्यांवरून, मग उकिडवं बसून, मग उभ्यातून. आवाज ऐका. ‘धप्’ आला म्हणजे एकाच जागी भार आला.

तालमीआधी पंधरा-वीस मिनिटं हलता सराव: चालणं, पाय झुलवणं, पाठीच्या लाटा, हळूहळू जमिनीवर जाणं-उठणं. एकाच जागी ताण धरून ठेवणारे लांब स्ट्रेच तालमीनंतर. आधी केले तर स्नायूंचा जोर तेवढ्यापुरता कमी होतो.

जमिनीचा प्रश्न मुंबईत सगळ्यात मोठा. भाड्याने मिळणारे बहुतेक हॉल म्हणजे सिमेंटच्या स्लॅबवर लादी किंवा कोटा फरशी. त्यावर रोज उड्या मारल्या की नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागतं, आणि दुर्लक्ष केलं की हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. एका बोटाएवढ्या जागी नेमकं दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर तालीम बंद. खाली लवचीक लाकडी फ्लोअर असलेली जागा आठवड्यातून एकदा तरी मिळवा आणि उड्या त्याच दिवशी करा. फोमच्या एकमेकांत अडकणाऱ्या चटया पडण्याचा सराव करायला ठीक, पण त्यांच्यावर गिरक्या नकोत. पाय चिकटून राहतो, शरीर फिरतं, आणि मधल्या मधे गुडघा पिळला जातो.

मलबारहिलचीपायरी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

पावसाळ्यात व्हिनाइलवर (नाचासाठी जमिनीवर अंथरतात त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर) पाय घसरतात, त्याला काय उपाय? कुणी राळ टाकायला सांगतं, कुणी टाल्कम.

पिवळाजर्द | मंगळवार, रात्री ९:१०

दोन्ही नको. राळेने व्हिनाइल चिकट आणि काळं होतं, टाल्कमने तर बर्फासारखं होतं. कारण बहुतेकदा दमट हवा हेच असतं. एसीने थंड झालेल्या जमिनीवर बाहेरची दमट हवा आली की डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो. म्हणून प्रयोगाआधी लोडिंगचं दार उघडं ठेवू नका. सामान आत आलं की दार बंद. अर्धा तास आधी घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने. फिनेल किंवा साबण बिलकुल नाही, त्याचा थर राहतो आणि घामाने सुटतो.

व्हिनाइलच्या पट्ट्या साधारण दीड किंवा दोन मीटर रुंद येतात. आठ मीटर खोल रंगमंचाला दोन मीटरच्या चार. उलगडून तास-दोन तास तशाच पडू द्या, गुंडाळीचा बाक उतरला की मगच सांधे चिकटवा, नाहीतर मधे फुगा येतो आणि पायाचं बोट अडकतं. चिकटवायला व्हिनाइलची टेप. खोक्यांची तपकिरी टेप नको, घामाने सुटते आणि गोंद मागे राहतो.

आता प्रकाश, कारण माझा खरा विषय तो. आपल्या नाट्यगृहांतली कायमची मांडणी बोलत्या नाटकासाठी असते, समोरून झोत, चेहरे स्वच्छ. नृत्याला समोरचा झोत मारक. शरीर चपटं दिसतं आणि भिंतीवर सावली पडते. नृत्याला प्रकाश बाजूंनी हवा. दोन्ही विंगांत दोन-दोन बूम स्टँड (दिव्यांचे उभे खांब), प्रत्येकावर दोन दिवे, एक गुडघ्याच्या उंचीवर आणि एक डोक्याच्या. झाले आठ. मागून दोन, आणि समोरून एकच, वीस-तीस टक्क्यांवर, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडू नयेत एवढ्यापुरता. बारा मिनिटांना हे पुष्कळ झालं.

तिर्यक, तुझ्या रचनेत जमिनीवरचं काम जास्त असेल तर गुडघ्याच्या उंचीचा दिवा जपून. त्याचा खालचा काठ शटरने (दिव्यातल्या सरकत्या पत्र्याने) कापतात, म्हणजे जमीन उजळत नाही आणि उभं शरीर हवेत कोरल्यासारखं दिसतं. पण नर्तिका आडवी पडली की ती त्या कापलेल्या भागात, म्हणजे अंधारात. आडव्या भागासाठी मागचे उंच दिवे वेगळ्या क्यूवर (प्रकाश बदलण्याच्या ठरलेल्या क्षणावर) ठेव.

खोलीसाठी माझी सूचना: १६० चौरस फूट म्हणजे १० बाय १६ फूट धर. तालमीत जमिनीवर टेपने आखून घे, प्रयोगात वरून प्रोफाइल दिव्यांनी (ज्यांच्या झोताची कडा नेमकी कापता येते) तोच आयत काढ. एकच दिवा तिरका मारला तर आयताचा समलंब चौकोन होतो. दोन दिवे जवळजवळ सरळ वरून, शटर लावून, मधे जोडलेले. पहिली सात-आठ मिनिटं ती आयताबाहेर पाऊल टाकत नाही. नंतर आयत विझतो आणि पूर्ण रंगमंच हलका उजळतो, पण तिचं अंग तेवढ्याच जागेत वळत राहतं. पाचशे फूट मिळालेत, अंगाला अजून एकशेसाठच माहीत आहेत. यासाठी चेहऱ्यावर काहीही करावं लागत नाही.

जिलेटीनबद्दल (दिव्यापुढे लावतात तो रंगीत कागद): काळ्या ब्लॅक बॉक्समध्ये गहूवर्णी त्वचेवर गडद निळा टाकला की त्वचा राखाडी दिसते. ली २०२ (अर्धा सीटी ब्लू, म्हणजे फिका निळा) एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूने साधा उबदार हॅलोजन, एवढ्यावर सकाळ-संध्याकाळ भागते. कपडे काळे नकोत. विटकरी, हळदी किंवा मळका पांढरा घ्या.

दादरपूर्व | मंगळवार, रात्री १०:४५

आयताची कल्पना फार आवडली. नऊवारी नेसून करता येईल का?

नूपुरा | बुधवार, सकाळी ७:५०

काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, त्या दृष्टीने चांगली. पण जमिनीवर लोळताना पाठीमागची गाठ मणक्याला बोचते आणि घामाने सुती कापड मांडीला चिकटून ओढलं जातं. नेसवायची असेल तर काष्ट्याची घडी पातळ ठेवा, पदर कमरेला शिवून टाका, आत गुडघ्याचे पॅड. आणि पहिल्या आठवड्यापासून त्याच कपड्यात तालीम. रंगीत तालमीला पहिल्यांदा नेसलं तर अर्ध्या हालचाली बदलाव्या लागतात.

सूरपेटी | बुधवार, सकाळी १०:३०

आवाजावर लिहितो. पियानो किंवा सारंगीचं रडवं संगीत, त्यावर संथ हात, वर भिजलेला चेहरा. एकच गोष्ट तीन जण सांगतायत, मग प्रेक्षकाला काही करायचंच उरत नाही. संगीत रडत असेल तर अंगाने काम करावं. अंग रडत असेल तर आवाजाने निर्विकार राहावं. मी तर म्हणेन पहिले चार आठवडे पूर्ण शांततेत तालीम करा, श्वासाच्या मापावर. संगीत नंतर आलं की कुठली हालचाल फक्त संगीताच्या आधारावर उभी होती ते लगेच उघडं पडतं.

या विषयाला खोलीचेच आवाज पुरतील. नळाला पाणी येण्याआधीची नळातली हवा, कुकरची शिट्टी, सामायिक गॅलरीतली पावलं, कडी. फोनने मुद्रित करायचं तर फ्लाइट मोडवर, फोन हातात न धरता उशीवर ठेवून, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ. दर ठिकाणी मिनिटभर नुसती ‘रिकाम्या’ खोलीची शांतताही मुद्रित करा. दोन तुकडे जोडताना मधे ती भरायची, नाहीतर आवाज भोकासारखा तुटतो आणि प्रेक्षक दचकतो.

शांततेचं मापही घड्याळाने घ्या. मिनिटाला साठ ठोक्यांच्या लयीत आठ मात्रा म्हणजे आठ सेकंद. रंगमंचावर उभ्या असलेल्या नर्तिकेला ते युगासारखे वाटतात आणि ती चार-पाचातच हलते. विंगेत कुणीतरी स्टॉपवॉच धरावं.

मलबारहिलचीपायरी | बुधवार, दुपारी १२:१०

जुनं हिंदी-मराठी गाणं वापरायचं झालं तर परवानगी?

कलमदान | बुधवार, दुपारी २:२५

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, शब्द-चाल यांचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. सार्वजनिक प्रयोगासाठी पहिल्याचा परवाना सहसा गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएसकडून, दुसऱ्याचा ध्वनिमुद्रण कंपन्यांची संस्था पीपीएल किंवा त्या कंपनीच्या प्रतिनिधीकडून. सभागृहाने घेतलेला परवाना तुमच्या प्रयोगाला लागू आहे का, हे लेखी विचारा.

‘जुनं आहे, चालतं’ हे अर्धवट खरं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीचा २०२० अखेर संपला. पण गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गीतकार १९७७ साली वारले असतील तर शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. तबकडी मोकळी, शब्द नाहीत.

तरुण रचनाकारांना सहसा कुणी सांगत नाही ते हे: प्रताधिकार कायदा १९५७, कलम २(एच). नृत्यरचना ‘नाट्यकृती’त धरली जाते, पण ती लेखी किंवा अन्य रीतीने स्थिर केलेली, म्हणजे नोंदवून ठेवलेली असली पाहिजे, आणि त्याच व्याख्येतून चलच्चित्र (चित्रपट, चित्रफीत) वगळलेलं आहे. म्हणून फक्त मोबाइलवरच्या चित्रफितीवर विसंबू नका. क्रम, जागा, मात्रा, दिशा यांची तारीख घातलेली लेखी संहिता ठेवा, आकृत्यांसह. धरणी यांनी सांगितलेली वही इथेही कामी येईल. दुसऱ्या नर्तिकेवर रचना बसवणार असाल तर तिचाही स्वतंत्र हक्क आहे. कलम ३८ प्रमाणे सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं असतो. चित्रीकरणाआधी तिची लेखी संमती घ्या.

तिर्यक | बुधवार, रात्री ९:३५

सगळ्यांचे मनापासून आभार. आयत आणि खिळ्याचा उलटा क्रम एकमेकांत बसतायत. आयत विझतो तिथेच उलटा क्रम सुरू करायचा. आता दोन प्रश्न. चेहऱ्याचं नक्की काय करायचं? आणि नर्तिका खरंच रडू लागली तर?

धरणी | बुधवार, रात्री १०:२०

चेहऱ्याला ‘काही करू नकोस’ सांगितलं की तो मुखवटा होतो. त्याला काम दे. नजरेला तीन अंतरं: वस्तूवर (हाताच्या आत), भिंतीवर (आयताच्या कडेला), आणि दूर. दूर म्हणजे खरोखर एक बिंदू ठरव, बाहेर जाण्याच्या दारावरचा हिरवा दिवा म्हण हवं तर. हवेत बघणारे डोळे आणि काहीतरी बघणारे डोळे शेवटच्या रांगेतूनही वेगळे ओळखू येतात. बारा मिनिटांत दूरची नजर दोनदाच वापर.

मार्था ग्रॅहम यांचं १९३० सालचं ‘लॅमेंटेशन’ आठव. बाकावर बसलेली बाई, अंगावर ताणल्या जाणाऱ्या कापडाची नळी, जवळजवळ सगळी रचना बसूनच. शोक दिसतो तो कोपर आणि गुडघा कापडाला आतून रेटतात त्या तिरप्या ताणांतून. आणि मुंबईतच अनेक वर्षं काम केलेले अस्ताद देबू (१९४७–२०२०), कथक आणि कथकळी शिकलेले. गिरकी इतकी संथ की बघणाऱ्याला वेळेचंच भान बदलल्यासारखं वाटावं. दोन्हीकडे चेहरा दुय्यम.

रडण्याबद्दल. खरं रडू आलं की घसा आवळतो, श्वास छातीत वर चढतो, पोटाचा आधार जातो आणि पुढचं पडणं बेताल होतं. म्हणून तालमीत कुणाकडूनही ‘तुझं सगळ्यात मोठं दुःख आठव’ असं कधीही करवून घेऊ नये, ते क्रूर आहे आणि निरुपयोगीही. आठवणीवर बांधलेली हालचाल दहाव्या प्रयोगाला बोथट होते, भारावर आणि श्वासावर बांधलेली टिकते. पूर्ण जोराने संपूर्ण रचना दिवसातून दोनदाच, बाकी वेळ अर्ध्या जोरावर मार्किंग. संपल्यावर कपडे बदलायचे, पाणी प्यायचं, पाच मिनिटं जमिनीवर पाय वर करून पडायचं आणि खोलीतल्या दहा वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. साधं वाटतं, पण अंग भूमिकेतून बाहेर येतं. रडू घरी जाऊनही थांबत नसेल तर ते रचनाकाराचं काम नाही. समुपदेशकाकडे जावं.

सांधेजोड | बुधवार, रात्री ११:००

+१. आणि वजन कमी करायचं म्हणून प्रयोगाच्या महिन्यात जेवण तोडू नका. पाळी लांबली किंवा बंद झाली तर तो ‘मेहनतीचा परिणाम’ म्हणून सोडून द्यायचा नाही. हाडं ठिसूळ होण्याची ती पहिली खूण असू शकते.

नूपुरा | गुरुवार, सकाळी ११:१५

लोकांना दाखवण्याबद्दल एक सांगते. प्रयोगाच्या तीन आठवडे आधी विषय माहीत नसलेल्या तिघा-चौघांना बोलवा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काय दिसलं?’, ‘कुठे लक्ष उडालं?’, ‘कुठली हालचाल आठवतेय?’ एवढंच विचारा आणि समजावत बसू नका. कुणी ‘बाई काहीतरी उचलत होती आणि मग तिला उचलता येईना’ म्हणालं तर रचना पोचली. तिघांचंही लक्ष एकाच ठिकाणी उडालं तर तो भाग निम्मा करा. प्रयोगाच्या पत्रकात दोन वाक्यं पुरेत, गोष्ट सांगू नका.

दादरपूर्व | गुरुवार, दुपारी ४:०५

शेवटची शंका. हीच रचना पुढे पृथ्वी थिएटरला किंवा एखाद्या मोठ्या नाट्यगृहात न्यायची झाली तर काय बदलेल?

पिवळाजर्द | गुरुवार, रात्री ८:४०

पृथ्वीला (जुहू, १९७८ पासून) प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. विंगेतला आडवा झोत थेट समोरच्या रांगेच्या डोळ्यांत जाईल, म्हणून बाजूचे दिवे उंचावरून तीव्र कोनात घ्यावे लागतात. खिळ्याचं मागे फेकलं जाणं एकाच दिशेने बसवलं असेल तर एका बाजूच्या लोकांना नुसती पाठ दिसेल. तीन फेऱ्या तीन दिशांना तोंड करून बसव. आयत मात्र तिथे उत्तम दिसेल, प्रेक्षक वरून बघतात.

समोर पडदा असलेल्या मोठ्या नाट्यगृहात उलटं. रंगमंच उंच, त्यामुळे पहिल्या चार-पाच रांगांना जमिनीवरचं काम जवळजवळ दिसतच नाही आणि बाल्कनीला सगळं दिसतं. आयत मोठा करण्याचा मोह होईल, तो करू नकोस, १० बाय १६ च ठेव. मधोमध ठेवलास तर हरवेल. पुढच्या काठापासून चार-पाच फूट सोडून एका बाजूला सरकव, उरलेला रंगमंच रिकामा दिसू दे. आडवं पडण्याचे भाग शक्य तिथे बसून किंवा एका कोपरावर उठून घे. एलईडी दिवे असतील तर शेवटचा फेड (हळूहळू विझणं) आधी तपासून घे. साध्या डिमिंगचे एलईडी शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांत धक्के देत विझतात. तेवढ्यासाठी एक हॅलोजन मागून घे आणि त्याच्यावरच वीस सेकंदांचा फेड टाक.